चुकलेला प्रोग्राम आणि आडवा झालेला कंपायलर



आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल, पण कॉलेजात सी शिकणाऱ्यापासून कंपनीत दहा वर्षं सी प्लस प्लस लिहिणाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो कधी ना कधी भेटतो. तुम्ही प्रोग्राम लिहिता. त्यात चूक असते. कंपायलरनं म्हणायला हवं, ‘बाबा रे, चाळिसाव्या ओळीत कंस उघडा राहिलाय.’ त्याऐवजी तो ‘इंटर्नल कंपायलर एरर’ किंवा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असं काहीतरी म्हणतो, न कळणाऱ्या मजकुराच्या पाच-पन्नास ओळी ओकतो आणि आडवा होतो.

यावर बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘माझ्याच कोडमध्ये घोळ होता, त्याला कंपायलर तरी काय करणार?’ मग कोड इकडंतिकडं हलवायचा, एखादी ओळ काढून पाहायची, जमलं की पुढं जायचं. मला या प्रतिक्रियेशीच भांडायचं आहे.

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर कुणी चुकीचा फॉर्म दिला, तर आतला माणूस तो परत करतो. तारीख चुकली आहे, गाडीचा नंबर नाही, असं सांगतो. फॉर्म चुकीचा होता म्हणून तो माणूसच खुर्चीवरून खाली कोसळला, तर आपण फॉर्म भरणाऱ्याला दोष देत नाही. चुकीचे फॉर्म येणं हा त्या खिडकीचा रोजचा धंदा आहे. कंपायलरचंही तसंच. किंबहुना त्याच्याकडे येणारे बरेचसे प्रोग्राम चुकीचे किंवा अर्धवटच असतात. क्लँगडी किंवा रस्ट अ‍ॅनालायझर तुमच्या एडिटरमध्ये चालू असतो तेव्हा तुम्ही अक्षर-अक्षर टाइप करताय आणि त्यातल्या बहुतेक क्षणी समोरचा कोड अपुरा आहे. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये याबाबत कसलीही पळवाट ठेवलेली नाही. कंपायलरला कुठलाही इनपुट द्या, अगदी कुठलाही, त्यानं तो कोसळला तर तो कंपायलरचा बग, अशी तिथली भूमिका आहे.

आता कुणी म्हणेल, दोष कुणाचाही असो, मला काय त्याचं? तर अडचण अशी की कंपायलर कोसळला की तुमची स्वतःची चूकही तो सांगत नाही. वीस हजार ओळींचा कोड, त्यात टेम्प्लेटवर टेम्प्लेट, आणि ओळ क्रमांक नाही. म्हणजे स्वतःची चूक शोधायची असेल तरी आधी कंपायलरला काय झालं ते शोधावं लागतं.

सुरुवात कुठून करायची? बहुतेक लोक मजकुराच्या तळाशी बघतात, कारण टर्मिनलमध्ये तोच भाग समोर असतो. तुम्ही वर जा. कोसळण्याच्या आधी साधी, सभ्य एरर छापली गेली होती का, हा पहिला प्रश्न. छापली असेल तर अर्धं काम तिथंच झालं. कंपायलरला तुमची चूक सापडली होती, त्यानं ती सांगितलीही, आणि त्यानंतर पुढं चालत राहताना तो पडला. एका चुकीवर थांबायचं नाही, शक्य तितक्या चुका एकाच फेरीत दाखवायच्या, अशी बहुतेक कंपायलरांची धडपड असते. एका एररनंतर स्वतःला सावरून पुढं वाचत राहण्याच्या या भागाला एरर रिकव्हरी म्हणतात, आणि आजच्या विषयातले पुष्कळ अपघात याच रस्त्यावर होतात.

जाता जाता: कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकात पीएल/सी नावाचा कंपायलर होता. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम पंच कार्डांवर यायचे, एका फेरीला वेळ लागायचा, म्हणून हा कंपायलर चूक सापडली की ती स्वतः अंदाजानं दुरुस्त करून प्रोग्राम पुढं चालवूनही बघायचा. आज हे धाडस वाटतं. पण त्यामागची सोय आपण अजून सोडलेली नाही.

जीसीसीत याचा एक गमतीदार अवतार आहे. कधी कधी तो म्हणतो, ‘कन्फ्यूज्ड बाय अर्लियर एरर्स, बेलिंग आउट’. आधीच्या चुकांनी गोंधळलोय, आता निघतो. वाचणाऱ्याला वाटतं, बिचारा प्रामाणिकपणे हार मानतोय. प्रत्यक्षात हा इंटर्नल कंपायलर एररच आहे, फक्त इस्त्रीचे कपडे घालून आलेला. आधी किमान एक एरर दिली गेली असेल आणि नंतर आत काहीतरी कोसळलं असेल, तर वितरणासाठी बांधलेला जीसीसी बॅकट्रेस दाखवण्याऐवजी हे वाक्य बोलतो. कडक तपासण्या चालू ठेवून बांधलेल्या जीसीसीत तोच प्रोग्राम दिलात तर खरं रूप दिसतं. सामान्य वापरकर्त्याला हे सोयीचं असेल, पण माझ्या मते यानं बरेच बग कुणी न कळवताच राहून जातात.

दुसरा प्रश्न: पडला म्हणजे नेमका कसा पडला? आत लिहून ठेवलेली खात्री मोडली, म्हणजे असर्शन तुटलं, तर ते सर्वांत बरं, कारण कोणती गोष्ट गृहीत धरली होती ते तिथं लिहिलेलंच असतं. सेगमेंटेशन फॉल्ट असेल तर पत्ता बघा. शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा, समजा सोळातला १८, असा पत्ता असेल तर बहुधा रिकाम्या पॉइंटरच्या आतलं एखादं फील्ड वाचायचा प्रयत्न झालाय. बॅकट्रेसमध्ये तीच दोन-चार फंक्शन्स शेकडो वेळा आलटूनपालटून दिसली, तर स्टॅक संपलाय. हे कंसात कंस, त्यात कंस अशा कोडवर होतं, कारण कंस वाचणारं फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. क्लँगनं यावर सरळ मर्यादाच घातली आहे. कंसांची खोली मुळात २५६ पर्यंत, त्यापुढं रीतसर एरर. रस्टचीही अशीच एक मर्यादा असते, १२८ ची. आणि कंपायलर नुसताच अडकून बसला, पंखा फिरतोय आणि काही होत नाही, तर तोही याच कुटुंबातला आजार.

एक उपयोगी गोष्ट इथंच सांगतो. क्लँगच्या नेहमीच्या वितरणात असर्शन्स बंद असतात. त्यामुळे जिथं खात्री मोडली तिथं तो थांबत नाही, बरंच पुढं जाऊन भलत्याच ठिकाणी पडतो. कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर असर्शन्स चालू असलेला क्लँगही निवडता येतो. तिथं तोच कोड टाकला की निदान बरंच आधी थांबतं. मात्र ऑफिसचा कोड तिथं चिकटवू नका. त्यावर पुढं बोलतो.

आता मुख्य काम, प्रोग्राम लहान करणं. वीस हजार ओळींतून अशा पाच-सात ओळी काढायच्या, ज्यांनी कंपायलर तसाच पडेल. कल्पना साधी आहे. फाइलचा अर्धा भाग काढा, अजून पडतो का बघा. पडत असेल तर काढलेला भाग निरुपयोगी होता. पडत नसेल तर परत ठेवा आणि दुसरा तुकडा काढून बघा. आंद्रेआस त्सेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ मधल्या आपल्या लेखात ही पद्धत नीट मांडली. डेल्टा डीबगिंग हे तिचं नाव. मोझिला ब्राउझरला पाडणारं ८९६ ओळींचं एक एचटीएमएल पान त्यांनी आपोआप एका ओळीवर आणलं होतं. सी आणि सी प्लस प्लससाठी यूटा विद्यापीठात जॉन रेगेर आणि सहकाऱ्यांनी सी-रिड्यूस बनवलं, २०१२ मध्ये त्यावर लेख आला. ते नुसत्या ओळी कापत नाही, भाषेची रचना ओळखून फंक्शनचे पॅरामीटर काढतं, नावं छोटी करतं. सीवाइज हे त्याचंच पायथनमधलं भावंड.

ही अवजारं चालवायला तुम्हाला एक छोटी स्क्रिप्ट द्यावी लागते. ‘हा तुकडा अजून कामाचा आहे का’ याचं उत्तर ती हो किंवा नाही असं देते. खरी गोम या स्क्रिप्टमध्ये आहे. ‘कंपायलर पडला का’ एवढंच तपासलंत तर अवजार कापता कापता एका बगवरून दुसऱ्याच बगवर घसरतं, कारण आडव्यातिडव्या कापलेल्या कोडवर पडायच्या जागा कंपायलरमध्ये भरपूर असतात. म्हणून तीच असर्शन, तेच फंक्शन, हे तपासा.

आणि याहून मोठी फसगत: तुमचा मूळ प्रोग्राम बरोबर होता की चुकीचा? समजा तो पूर्ण बरोबर होता आणि तरी कंपायलर पडला. अवजार कापाकापी करत त्याचा चुकीचा प्रोग्राम करून टाकतं. तुम्ही तो कळवता आणि समोरचा म्हणतो, हा तर अवैध कोड आहे. जीसीसीच्या बगझिलात या दोन प्रकारांना वेगवेगळी लेबलं आहेत, वैध कोडवर कोसळणं आणि अवैध कोडवर कोसळणं, आणि दुसऱ्याला साधारणपणे रांगेत मागं उभं राहावं लागतं. तेव्हा मूळ कोड बरोबर असेल तर स्क्रिप्टमध्ये आणखी एक अट घाला: दुसऱ्या कंपायलरनं हा तुकडा विनातक्रार स्वीकारला पाहिजे. मूळ कोड चुकीचाच असेल, तर तुमची ती विशिष्ट एरर आधी छापली गेली पाहिजे, अशी अट घाला. दोन ओळींचं काम आहे, पण बरेच जण ते टाळतात आणि मग आठवडाभर भलत्याच बगचा पत्रव्यवहार करत बसतात.

आता एक प्रकार जरा सावकाश बघू, कारण तो आपल्या लिपीशी जोडलेला आहे.

कंपायलरला चूक सापडते. ती छान दाखवायची म्हणून तो तुमची ओळ पुन्हा छापतो, खाली बाण काढतो आणि सुचवतो, ‘इथं एक कंस घाला’. हे सुचवण्यासाठी त्याला ओळीतली जागा मोजावी लागते. जागा बाइटमध्ये मोजतात. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हं. ‘वजन’ हा शब्द घ्या. तीन अक्षरं, नऊ बाइट. शून्यापासून मोजलं तर ‘व’ सुरू होतो ० वर, ‘ज’ ३ वर, ‘न’ ६ वर आणि शब्द संपतो ९ वर. आता कंपायलर लिहिणाऱ्यानं कुठंतरी ‘शेवटच्या अक्षराची जागा म्हणजे शेवट वजा एक’ असं लिहून ठेवलं असेल, तर उत्तर येतं ८. आठवा बाइट म्हणजे ‘न’च्या पोटात. रस्ट भाषेत अक्षराच्या मधोमध स्ट्रिंग कापायला गेलात तर प्रोग्राम तिथंच पॅनिक होतो, आणि निरोप मिळतो की आठ ही अक्षराची हद्द नाही, ती सहा ते नऊ या बाइटमधल्या ‘न’च्या आत आहे. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे पॅनिक होतो तो कंपायलर स्वतः.

हा प्रकार रस्टच्या कंपायलरमध्ये एकदा नव्हे, वेगवेगळ्या एरर-निरोपांत वेगवेगळ्या वेळी सापडला आणि दुरुस्त झाला आहे. गंमत अशी की वैध कोडवर हा बग सहसा दिसत नाही, कारण एरर छापायची वेळच येत नाही. चाचण्या लिहिणारे बहुतेक इंग्रजी अक्षरांत लिहितात, तिथं ‘वजा एक’ बिनबोभाट चालतं. चुकीचा प्रोग्राम आणि इंग्रजीबाहेरचं अक्षर, दोन्ही एकाच ओळीत आले की मगच तो वर येतो. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या कंपायलरमध्ये हीच गफलत बहुधा गुपचूप निघून जाते, फक्त निरोपात चौकोन किंवा प्रश्नचिन्हं छापली जातात. मला यापेक्षा रस्टचं पॅनिक होणं बरं वाटतं. निदान कळतं तरी.

‘पण मी कुठं मराठीत कोड लिहितो?’ असं म्हणाल. नोट्सच्या पीडीएफमधून किंवा वर्डच्या फाइलमधून कोड कॉपी करता ना? त्यात साध्या अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हं आलेली असतात. तीही तीन-तीन बाइटची, आणि कोडमध्ये चालत नाहीत. म्हणजे चुकीचा प्रोग्राम आणि इंग्रजीबाहेरचं अक्षर, दोन्ही आपोआप एकत्र.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून, आणि जीसीसीत आवृत्ती १० पासून सरळ देवनागरीत व्हेरिएबलची नावं लिहिता येतात. आता ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र, आपला खास मराठी, दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कीबोर्ड खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढं झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह घालतात. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे. पण रस्टच्या नियमांत ते अदृश्य चिन्ह नावात चालत नाही. एकाच्या लॅपटॉपवर कंपाइल होणारी ओळ शेजारच्यानं स्वतः टाइप केली की एरर, आणि दोघं एकमेकांचे डोळे तपासतायत. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवूच नका, फाइलचे बाइट हेक्स डंपमध्ये बघा. ई२ ८० ८डी असे तीन बाइट दिसले की तोच तो जॉइनर.

आता दुसरं मोठं घराणं. एरर दिल्यावर कंपायलर पुढं जातो तेव्हा चुकलेल्या भागाच्या जागी त्याला काहीतरी ठेवावं लागतं. तुम्ही न घोषित केलेलं नाव वापरलंत. त्याचा प्रकार काय? पूर्णांक? स्ट्रिंग? माहीत नाही. जीसीसी तिथं ‘एरर मार्क नोड’ नावाची एक खूण ठेवतो. अर्थ एवढाच की इथं घोळ आहे आणि त्याची तक्रार झालेली आहे, पुन्हा ओरडू नका. पुढच्या प्रत्येक टप्प्यानं ती खूण ओळखायला हवी. हजारो ठिकाणांपैकी एका ठिकाणी कुणी विसरलं, खुणेलाच खरा प्रकार समजून तिचा आकार विचारला, की खेळ संपला.

क्लँगची कथा बोलकी आहे. पूर्वी तो चुकलेली एक्सप्रेशन्स झाडातून टाकूनच द्यायचा. त्यानं एडिटरमधल्या सूचना लंगड्या व्हायच्या, कारण अर्धा कोड गायबच. २०२० च्या सुमारास ‘रिकव्हरी एक्सप्रेशन’ आणलं गेलं. चुकलेला भागही झाडात राहू द्यायचा, पण ‘यात चूक आहे’ असा शिक्का मारून. एडिटरची सोय झाली. आणि मग कंपायलर नव्या नव्या जागी पडायला लागला. अ‍ॅरेचा आकार, केस लेबल, बिट-फील्डची रुंदी अशा जागी कंपायलरला लगेच आकडा काढावा लागतो. आकडा काढणाऱ्या भागाची अट होती की किंमत अजून ठरलेली नाही असं काही माझ्याकडे आणू नका. सी भाषेत असं काही त्याच्यापर्यंत यायचा प्रश्नच पूर्वी नव्हता, ते सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटचं प्रकरण. आता सी मध्येही शिक्का मारलेली एक्सप्रेशन्स दाराशी यायला लागली आणि असर्शन्स तुटायला लागली. मग एकेक दार शोधून तिथं तपासणी बसवावी लागली.

म्हणून बॅकट्रेस वाचताना सर्वांत वरचं फंक्शन म्हणजे गुन्हेगार असं धरू नका. बहुतेकदा ते बळी असतं. त्याच्या हातात कोणती वस्तू आली ते बघा आणि ती वस्तू कुणी बनवली, कोणत्या एररच्या वेळी बनवली, हे खाली-खाली जात शोधा. पडलेल्या ओळीवर ‘पॉइंटर रिकामा असेल तर परत फीर’ अशी पट्टी चिकटवणं सोपं असतं. कधी कधी तेवढंच योग्यही असतं. पण पट्टीमुळे एरर न देताच कंपायलर पुढं जाऊ लागला, तर चुकीचा प्रोग्राम बरोबर ठरून बाहेर पडतो, आणि ते कोसळण्यापेक्षा वाईट. रस्टवाल्यांनी यावर एक उपाय काढला, तो मला फार आवडतो. त्यांच्या कंपायलरमध्ये ‘एरर गॅरंटीड’ नावाचा एक प्रकार आहे. एरर खरोखर नोंदवली गेली तरच त्याची किंमत हातात मिळते. चुकीची खूण बनवायची तर ती पावती दाखवावी लागते. तक्रार न नोंदवता खूण ठेवलीत, तर कंपायलरचा कोडच कंपाइल होत नाही.

शेवटी, कळवण्याबद्दल. क्लँग कोसळला की तात्पुरत्या फोल्डरमध्ये प्रीप्रोसेस केलेली फाइल आणि चालवायची स्क्रिप्ट ठेवून जातो आणि ती आम्हाला द्या म्हणतो. जीसीसीतही यासाठी पर्याय आहे, किंवा मायनस ई लावून स्वतःच ती फाइल काढता येते. इथं सावध राहा. त्या फाइलमध्ये तुमच्या सगळ्या हेडर्सचा मजकूर असतो, म्हणजे ग्राहकाचा कोड, आतल्या सर्व्हरची नावं, क्वचित कुणाची पासवर्डसुद्धा. सेवा पुरवणाऱ्या कंपनीत काम करत असाल तर ती फाइल जशीच्या तशी सार्वजनिक ठिकाणी चढवणं म्हणजे नोकरीशी खेळ. आणि म्हणून बग कळवूच नका, असा ऑफिसमधला सूरही मला पटत नाही. नीट लहान केलेल्या सहा ओळींत ग्राहकाचं काही उरत नाही. सी-रिड्यूस नावंसुद्धा ए, बी, सी करून ठेवतं. तरी पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचा, वरिष्ठांना दाखवा. सोबत कंपायलरची नेमकी आवृत्ती, दिलेले पर्याय, कोसळण्याआधी आलेली एरर आणि बॅकट्रेस. तोच बग आधी कुणी कळवलाय का हे असर्शनच्या मजकुरानं शोधून बघा, फाइलच्या नावानं शोधू नका.

उत्तर यायला वेळ लागेल, अवैध कोडची रांग लांब असते. तोवर तुमचा मूळ कोड दुरुस्त करून काम पुढं न्या आणि ती सहा ओळींची फाइल जपून ठेवा. कंपायलरची पुढची आवृत्ती बसवाल त्या दिवशी ती पुन्हा चालवा. यावेळी कंपायलरनं ओळ क्रमांक देऊन साधी एरर छापली, तर बगच्या पानावर तसं लिहून टाका. प्रश्न खाली विचारा, शक्यतो टर्मिनलचा फोटो न पाठवता मजकूर चिकटवून.